कॅमेरा कुणाच्या हातात आहे? २००७ ते २०१० च्या भयपटांत पहिल्यांदा शिरणाऱ्यांसाठी

माझी मामेबहीण हिंजवडीत नोकरी करते, तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. शुक्रवारी रात्री त्यांचा सिनेमाचा कार्यक्रम असतो. मागच्या महिन्यात कुणीतरी ‘सॉ’ हा रक्तबंबाळ भयपट लावला. हिने पंधराव्या मिनिटाला पावभाजीची ताटली खाली ठेवली आणि उरलेला वेळ गॅलरीत काढला. दुसऱ्या दिवशी मला मेसेज आला, “दादा, मला हॉरर बघताच येत नाही. शिकवतोस का?”

तिला जे लिहून पाठवलं तेच जरा नीट करून इथे देतोय. मी तिला २००७ ते २०१० ही चार वर्षं धरायला सांगितली. एक तर तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि त्या वयात पाहिलेलं जन्मभर पुरतं. खरं कारण मात्र वेगळं आहे. त्या सुमारास कॅमेरा स्वस्त झाला. लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडेच दिसणारा हँडीकॅम घरोघरी आला, मोबाइलवर शूटिंग होऊ लागलं, २००५ मध्ये यूट्यूब सुरू झालं होतं. भुताने जुना वाडा सोडला आणि कॅमेऱ्यात बस्तान बसवलं. म्हणून या काळातलं काहीही बघायला बसलात की एकच प्रश्न मनाशी धरायचा: कॅमेरा कुणाच्या हातात आहे, आणि तो माणूस तो खाली का ठेवत नाही? एवढा प्रश्न सोबत असला की घाबरतानाही डोकं चालू राहतं.

आधी खोली

हे कंटाळवाणं वाटेल, पण निम्मा परिणाम इथेच ठरतो. मोबाइलच्या स्पीकरवर भयपट बघू नका. या सिनेमांत भीती बऱ्याचदा खालच्या सुरातल्या घुमणाऱ्या आवाजात असते आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तो आवाज येतच नाही. साधे वायरचे हेडफोन चालतील. टीव्हीवर बघणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ‘व्हिविड’ मोड बंद करा. रंग भडक करण्याच्या नादात तो अंधाराचा राखाडी चिखल करतो. हालचाल गुळगुळीत करणारा पर्यायही बंद करा, नाहीतर हातातल्या कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं दुपारच्या मालिकेसारखं दिसतं.

ट्यूबलाइट बंद, पण मागे कुठेतरी मंद दिवा असू द्या. पूर्ण अंधाराचा हट्ट नको. हलत्या कॅमेऱ्याच्या सिनेमांनी काही लोकांना खरोखर मळमळतं. २००८ मध्ये ‘क्लोव्हरफील्ड’ लागला तेव्हा परदेशातल्या काही थिएटरांनी तशी सूचनाच लावली होती. टीव्हीपासून जरा लांब बसा, मागचा दिवा चालू ठेवा आणि भरल्या पोटी बसू नका. पावभाजी नंतर.

ट्रेलर बघू नका. ‘क्वारंटाइन’ नावाच्या अमेरिकी सिनेमाच्या पोस्टरवर चक्क शेवटचं दृश्य छापलं होतं. त्याविषयी पुढे येईलच.

सुरुवात पाऊण तासापासून

पहिल्याच दिवशी अख्खा सिनेमा घेऊ नका. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा ‘ब्लिंक’ हा एकच भाग बघा. जून २००७ मध्ये दाखवला गेला, लेखक स्टीव्हन मोफॅट. मालिका आधी पाहिलेली नसली तरी काही अडत नाही, कारण मालिकेचा नायक, म्हणजे डॉक्टर, स्वतः यात फार थोडा वेळ दिसतो. सगळा भार कॅरी मलिगन या अभिनेत्रीवर आहे. रक्ताचा थेंब नाही. देवदूतांचे दगडी पुतळे आहेत, आणि तुम्ही बघत असाल तोवर ते दगडच असतात. पापणी लवली की ते सरकतात.

आता एक गोष्ट बारकाईने बघा. खोलीतल्या माणसांची पाठ असते तेव्हाही पुतळे पडद्यावर कधीच हलताना दिसत नाहीत. कारण तेव्हा तुम्ही बघत असता. म्हणजे इथे कॅमेरा तुमच्या हातात आहे, आणि एका दृश्यापुरतं तरी त्या पोरीला वाचवण्याचं काम तुमच्याकडे आलेलं आहे. पहिला धडा म्हणून याहून चांगलं मला काही माहीत नाही.

मग घरचं मैदान

दुसऱ्या बैठकीला ‘१३बी’. २००९ चा, दिग्दर्शक विक्रम के. कुमार, नायक आर. माधवन. तमिळमध्ये ‘यावरुम नलम’ आणि हिंदीत ‘१३बी’, दोन्ही एकदमच केलेले. कर्ज काढून तेराव्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतलेलं एकत्र कुटुंब. आई, भाऊ, वहिनी, बहीण, पोरं. घरातलं दूध रोज नासतं. लिफ्ट सगळ्यांसाठी चालते, फक्त माधवनसाठी चालत नाही. त्याने घरात मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला की चेहरा वेडावाकडा येतो. आणि दुपारी एकला टीव्हीवर ‘सब खैरियत’ नावाची नवी मालिका लागते, ज्यातलं कुटुंब हुबेहूब याच घरासारखं वागतं. आज मालिकेत जे घडलं ते उद्या घरात.

नवशिक्यासाठी हा सिनेमा मी मुद्दाम वर ठेवतो. त्यातलं घर आपल्याला कळतं. हप्ता चालू असलेला फ्लॅट सोडून पळता येत नाही, ही भीती समजावून सांगावी लागत नाही. घरातल्या बायका जेवणं उरकून मालिकेपुढे बसतात आणि आपलीच गोष्ट न ओळखता चवीने बघतात, ते दृश्य तर कुणाच्याही घरातलं आहे. प्रश्न लावून बघा: ही मालिका कोण चित्रित करतंय? उत्तर मिळतं, आणि ते समाधानकारक आहे. गाणी पुढे ढकललीत तरी मी कुणाला सांगणार नाही.

त्याच काळातला राम गोपाल वर्माचा ‘फूंक’ लोक सुचवतील. हा २००८ चा. थिएटरात एकट्याने पूर्ण बघून दाखवा आणि ५ लाख घ्या, असं आव्हान देऊन गाजवलेला. अश्विनी काळसेकर यात जबरदस्त आहे, तिचं हसू डोक्यातून जात नाही. पण करणी करणारे खरे आणि न मानणारा बाप चुकीचा, अशा बाजूला सिनेमा जाऊन बसतो. ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ चा डिसेंबर उजाडावा लागला, तेही नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर, तिथे बसून बघताना मला ते गोड लागत नाही. बघा, पण नंतर. विक्रम भटचा ‘१९२०’ सुद्धा २००८ चाच. हवेली, झपाटलेली बायको, शेवटी हनुमान चालीसा. ज्यांना जुन्या पद्धतीचं आवडतं त्यांच्यासाठी ठीक.

रडायची तयारी ठेवा

‘द ऑर्फनेज’, स्पेन, २००७. दिग्दर्शक हुआन अंतोनिओ बायोना, पहिलाच सिनेमा. निर्मात्यांत गियेर्मो देल तोरो. लहानपणी ज्या अनाथाश्रमात वाढली तिथेच एक बाई नवरा आणि मुलाला घेऊन राहायला येते, आणि मुलगा नाहीसा होतो. पुढचं सांगत नाही.

एका दृश्यापुरतं सांगतो, कारण कॅमेऱ्याचा एवढा साधा उपयोग मी क्वचित पाहिलाय. भिंतीकडे तोंड करून एक-दोन-तीन म्हणायचं, भिंतीवर थाप मारायची आणि वळून बघायचं, मागची मुलं तोवर पुढे सरकलेली असतात, असा तिकडचा मुलांचा खेळ आहे. ती बाई एकटीच तो खेळ सुरू करते. ती भिंतीकडे वळली की कॅमेरा तिच्याबरोबर भिंतीकडे जातो. ती मागे वळली की तोही मागे वळतो. एका दमात, मध्ये कुठेही न कापता. मागे दार आहे. पुन्हा भिंत. पुन्हा दार. कर्कश संगीत नाही, दचकवणं नाही. आपण मात्र प्रत्येक वळणाला श्वास धरतो, कारण ती बघत नाही तेव्हा आपल्यालाही बघू दिलं जात नाही. ‘ब्लिंक’ आधी बघितला असेल तर हे दृश्य दुप्पट कळेल. म्हणून तो क्रम.

आता खरी परीक्षा: हातातला कॅमेरा

इथवर आलात म्हणजे तयारी झाली. आता अशा सिनेमांकडे जायचं ज्यांत कॅमेरा गोष्टीतल्याच माणसाकडे असतो. याला फाउंड फुटेज म्हणतात, म्हणजे नंतर सापडलेलं चित्रण आपण बघतोय असा बहाणा. दोन सिनेमे घ्या, आणि याच क्रमाने.

पहिला ‘रेक’, स्पेन, २००७, दिग्दर्शक जाउमे बालागेरो आणि पाको प्लासा. बार्सिलोना. टीव्हीवरच्या रात्रीच्या कार्यक्रमाची निवेदिका आणि तिचा कॅमेरामन अग्निशमन दलाबरोबर एक रात्र काढायला गेलेत. पहिली पंधरा मिनिटं काहीच होत नाही. जवान जेवतात, बास्केटबॉल खेळतात, ती कंटाळते. ही मिनिटं पुढे ढकलू नका. याच वेळात तुमचा त्या कॅमेऱ्यावर विश्वास बसतो. मग एका इमारतीतून फोन येतो, म्हातारी बाई किंचाळतेय. सगळे आत जातात आणि बाहेरून इमारत बंद केली जाते.

निवेदिका झालेली मानुएला वेलास्को प्रत्यक्षातही टीव्हीवर निवेदन करायची. कॅमेरामन पाब्लो झालेला माणूस हा सिनेमाचा खराखुरा छायाचित्रकार, पाब्लो रोसो. त्याचा चेहरा दिसत नाही, पण चाल, धाप, दचकणं सगळं त्याच्या हातातून कळतं. तो कॅमेरा खाली का ठेवत नाही? कारण ती ठेवू देत नाही. लोकांना दाखवलंच पाहिजे, हा तिचा धोशा. शेवटी दिवा फुटतो आणि फक्त रात्रीचं हिरवं चित्रण उरतं, तेव्हा कारण आणखी साधं होतं: कॅमेऱ्याशिवाय त्यांना दिसतच नाही.

मी हा पहिल्यांदा पाहिला तो सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या खोलीवर. चौघे जण, एकच लॅपटॉप, डीव्हीडी लायब्ररीतून आणलेली डिस्क. आमच्या खोलीचं दिव्याचं बटण बाहेर जिन्यात होतं. सिनेमा संपल्यावर दिवा लावायला कोण जाणार यावर आम्ही अर्धा तास भांडलो. शेवटी गस्तीवाल्या गुरख्याची शिट्टी ऐकू आली तेव्हा चौघेही एकदमच बाहेर पडलो. सांगायचा मुद्दा: बटण हाताशी असू द्या.

दुसरा ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’. ओरेन पेली या माणसाने २००६ मध्ये सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात आठवडाभरात हा शूट केला. खर्च सुमारे १५ हजार डॉलर. २००७ मध्ये एका महोत्सवात दाखवला, थिएटरात यायला २००९ उजाडलं, आणि जगभरात १९ कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. आमच्याही गावात लावा, अशी मागणी प्रेक्षकांकडून इंटरनेटवर नोंदवून घेतली गेली, ही त्याची जाहिरात.

हा ‘रेक’च्या अगदी उलट आहे. तिकडे कॅमेरा धावतो, इकडे बेडरूममध्ये स्टँडवर ठेवून दिलेला. जोडपं झोपलेलं, डाव्या हाताला उघडं दार, दाराबाहेर अंधारा पॅसेज. खाली कोपऱ्यात घड्याळ. रात्र भराभर पुढे पळते, आकडे धावतात, पांघरुणातले दोघे कूस बदलताना थरथरल्यासारखे दिसतात. आणि अचानक आकडे नेहमीच्या गतीने चालू लागतात. पडद्यावर अजून काहीही झालेलं नसतं. पण दोन रात्री पाहिल्यानंतर आकडा मंदावला की तुमचे हात आपोआप उशीकडे जातात. मग घूं असा खालच्या सुरातला हलका आवाज. मग ते दार एखाद वीत सरकतं. बस्स, एवढंच. हेडफोन घ्या म्हणालो ते यासाठी.

इथे प्रश्नाचं उत्तर जरा झोंबणारं आहे. कॅमेरा त्या जोडप्यातल्या, नवऱ्यासारखा वागणाऱ्या मिकाच्या हातात आहे, आणि केटी नको नको म्हणत असताना तो ठेवत नाही, कारण त्याला गंमत वाटते. मला वाटतं या सिनेमातलं खरं भूत तेच. बहिणीला हे लिहिलं तेव्हा तिचं उत्तर आलं, “असे दोन जण आमच्या टीममध्ये आहेत.”

कुठली प्रत लावायची

नवखी माणसं इथे हमखास फसतात, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

त्या काळात हॉलिवूडने बाहेरच्या भयपटांच्या नकलांचा सपाटा लावला होता. २००८ च्या पहिल्या तीन महिन्यांत आशियाई भयपटांच्या तीन अमेरिकी आवृत्त्या आल्या: ‘वन मिस्ड कॉल’, ‘द आय’, ‘शटर’. त्याच वर्षी ‘रेक’ची नक्कल आली, तीच ती ‘क्वारंटाइन’. शोधताना नुसतं नाव टाकू नका. नाव, वर्ष आणि दिग्दर्शक तिन्ही जुळतंय का बघा. हिंदी डबिंगही टाळा. ‘रेक’मधली घुसमट डबिंगच्या स्टुडिओतल्या स्वच्छ आवाजात मरते.

दुसरी गोष्ट, एकाच सिनेमाचे वेगवेगळे शेवट. ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’चे एकाहून अधिक शेवट फिरतात. पहिल्यांदा थिएटरवालाच बघा, बाकीचे नंतर हौस म्हणून. फ्रँक डॅराबाँटच्या ‘द मिस्ट’चा शेवट एकच आहे, पण त्याची कृष्णधवल प्रतही मिळते आणि दिग्दर्शकाची पसंती तिलाच. मीही तीच सुचवेन, धुकं त्यात जास्त दाट दिसतं. मूळ कथा स्टीफन किंगची, म्हणजे धारप वाचून वाढलेल्या आपल्यासारख्यांना ओळखीचाच माणूस. शेवट मात्र डॅराबाँटने बदललाय आणि तो फार निर्दय आहे. दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम असेल तर बघू नका.

टीव्ही: भागांत घ्यायची भीती

सगळ्यात आधी ‘डेड सेट’. ब्रिटनच्या ई४ वाहिनीवर ऑक्टोबर २००८ च्या शेवटच्या आठवड्यात सलग पाच रात्री दाखवलेली पाच भागांची मालिका. लेखक चार्ली ब्रूकर, ज्याने पुढे ‘ब्लॅक मिरर’ केली. गंमत अशी: बाहेर जग झाँबींनी खाल्लंय, आणि ‘बिग ब्रदर’च्या (आपल्या ‘बिग बॉस’चं मूळ) घरातल्या स्पर्धकांना पत्ताच नाही. कार्यक्रमाची खरी निवेदिका डेव्हिना मॅकॉल स्वतःच्याच भूमिकेत आहे. ‘बिग बॉस’ बघितलेल्याला वेगळं काही समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्याचं पहिलं पर्व २००६ चं, आणि २००७ मध्ये शिल्पा शेट्टी त्या ब्रिटिश घरातून जिंकून आली तेव्हा सगळा देश कॅमेऱ्याआडून ते घर बघत होता. इथे कॅमेरे भिंतीत आहेत, चालू आहेत, आणि समोर बघणारं कुणीच उरलेलं नाही. रक्त भरपूर आहे, पण ‘सॉ’सारखं चवीने दाखवलेलं नाही. दोन बैठकांत संपते.

लांब पल्ला हवा असेल तर ‘सुपरनॅचरल’. दोन भाऊ, एक काळी जुनी इम्पाला गाडी, गावोगावची भुतं. २००५ ला सुरू झाली आणि पंधरा पर्वं चालली. तुम्ही पाच बघा. मूळ कर्त्याने आखलेली गोष्ट तिथे २०१० मध्ये पुरी होते. ‘मास्टर्स ऑफ हॉरर’ ही २००५ ते २००७ मधली मालिका, दर भागाला वेगळा नामांकित दिग्दर्शक. चवीपुरते दोन-चार भाग घ्या, दर्जा खालीवर आहे. ‘द वॉकिंग डेड’ ही डॅराबाँटनेच उभी केलेली झाँबींची मालिका ३१ ऑक्टोबर २०१० ला सुरू झाली, पहिल्या पर्वाचे सहाच भाग. ‘द मिस्ट’ बघून मग ती लावलीत तर काही चेहरे ओळखीचे दिसतील, डॅराबाँटने आपली माणसं बरोबर आणली होती.

आपल्याकडे तेव्हा ‘आहट’ पुन्हा पुन्हा येत होती आणि स्टार वनवर ‘श्श्श... फिर कोई है’ चालू होतं. आठवणीसाठी बघा. मी अलीकडे एक भाग लावला, आई येऊन म्हणाली, “एवढी हसतायत कोण?”

शेवटी गार वाऱ्याचे दोन

‘लेट द राइट वन इन’, स्वीडन, २००८, दिग्दर्शक तोमास आल्फ्रेडसन. १९८० च्या दशकातलं स्टॉकहोमचं उपनगर, बर्फ, शाळेत मार खाणारा बारा वर्षांचा मुलगा आणि शेजारी राहायला आलेली, थंडी न वाजणारी एली. इथे सबटायटलकडे लक्ष द्या. २००९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या डिस्कवर संवाद इतके छाटले होते की प्रेक्षकांनी आरडाओरडा केला आणि थिएटरमधली सबटायटल्स परत आणावी लागली. वाक्यं सपाट आणि अपुरी वाटली तर दुसरी प्रत शोधा.

‘लेक मुंगो’, ऑस्ट्रेलिया, २००८. बुडून गेलेल्या मुलीच्या कुटुंबाची माहितीपटासारखी गोष्ट. मुलाखती, घरचे फोटो, अंधूक व्हिडिओ. कुणी ओरडत नाही. आधीचं सगळं पचलं असेल तरच घ्या, कारण घाईने बघितलं तर यात काहीच नाही असं वाटेल. इथे एकूण कॅमेरे किती आणि कुणाकुणाचे, हे मोजत बसा. श्रेयनामावली सुरू झाली म्हणून लगेच उठू नका.

‘सॉ’, ‘हॉस्टेल’ आणि फ्रान्समधला ‘मार्टर्स’ मी या वाटेवर ठेवलेले नाहीत. त्यातला ‘मार्टर्स’ मोठा सिनेमा आहे. पण पोहायला शिकवताना मी कुणाला विहिरीत ढकलत नाही, आमच्या काकांनी मला तसंच शिकवलं होतं आणि मी अजून विहिरीकडे जात नाही. बघताना छातीत फार धडधडलं तर थांबवा, दिवा लावा, पाणी प्या. तिथून पुढे दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तरी चालतं, कुणी गुण कापत नाही.

बहिणीचा ‘१३बी’ बघून झालाय. परवा सकाळी सातला तिचा नुसता फोटो आला, गॅसवर पातेलं आणि त्यात नासलेलं दूध. मी पिशवीवरची तारीख बघायला सांगितली. तीन दिवसांपूर्वीची निघाली.